बारव आहे तिथे

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचं जुनं गाव आहे. यादवकाळातली देवळं, पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी बारव, उंच नक्षीदार दगडी स्तंभ आणि वस्तीत इथे-तिथे आढळणारी कोरीव शिल्पं, ही या गावाची ओळख. ती बघायला बाहेरून माणसं येतात आणि वाट विचारतात. अशा गावात वाट विचारली तर रस्त्याचं नाव किंवा घराचा क्रमांक कुणी सांगत नाही. सांगणारा म्हणतो, “एसटी थांबते तिथं उतरा. पार लागला की आत वळा. बारव आहे तिथं कुणालाही विचारा.”

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात एक छोटं वाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसलेलं आहे. ‘एसटी थांबते’ हे स्वतंत्र वाक्य होऊ शकलं असतं. इथे मात्र ते फक्त ‘उतरा’ या क्रियापदाला जागा पुरवतं. ‘बारव आहे’ हेही तसंच. तिथं, तिथे, तेथे असं रूप बोलीप्रमाणे बदलतं, काम एकच. शाळेच्या व्याकरणात याला स्थलदर्शक क्रियाविशेषणवाक्य म्हणतात आणि इंग्रजीत ‘ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ प्लेस’.

आपल्या शाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी व्याकरणांत या प्रकाराला फार तर एखादा छोटा परिच्छेद मिळतो. ‘व्हेअर’ आणि ‘व्हेअरेव्हर’ ही दोन उभयान्वयी अव्ययं, तीन-चार उदाहरणं, की लगेच पुढचा प्रकार. मला हे अपुरं वाटतं. मराठी मुलं जी वाक्यं लहानपणापासून बिनचूक बोलतात, नेमकी तीच इंग्रजीत मांडताना अडखळतात, त्यातली ही एक जागा आहे. आणि अडखळण्याचं कारण मुलांच्या बुद्धीत नाही. ते दोन भाषांच्या बांधणीत आहे आणि एकदा दिसलं की विसरता येत नाही.

आधी एवढं पक्कं करू. क्रियापदाला ‘कुठे?’ असा प्रश्न विचारला की उत्तर तीन आकारांत मिळू शकतं. मुलं कुठे खेळतात? ‘तिथे’ हा एक शब्द झाला. ‘बारवेजवळ’ हे नाम आणि त्याला जोडलेलं शब्दयोगी अव्यय. ‘बारव आहे तिथे’ यात मात्र कर्ताही आहे, क्रियापदही आहे. इंग्रजीतही हेच तीन आकार आहेत: ‘देअर’, ‘निअर द स्टेपवेल’, ‘व्हेअर द स्टेपवेल इज’. तिसऱ्या आकारात कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतात म्हणून तो ‘क्लॉज’, आणि तो क्रियापदाची जागा सांगतो म्हणून क्रियाविशेषण.

मराठीत ही रचना जोडीने चालते. ‘जिथे पिकतं तिथे विकत नाही.’ जिथे हा शब्द जागेची खूण करतो आणि तिथे हा शब्द मुख्य वाक्यात उभा राहून ती जागा हातात घेतो. हीच जोडी संस्कृतात यत्र–तत्र अशी होती. पाणिनीने सर्वनामांना सप्तमीच्या अर्थी ‘त्रल्’ प्रत्यय सांगितला आहे; यत्र, तत्र, कुत्र, सर्वत्र ही रूपं त्यातून होतात. यत्र प्राकृतातून मराठीत जेथे झालं, तत्र तेथे झालं. चारठाणा ज्यात येतं त्या मराठवाड्यात १९४८पर्यंत निजामाचं राज्य होतं. तिथे सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, म्हणून आजोबांच्या पिढीतल्या अनेकांनी शाळेत उर्दू गिरवली. त्यांना नव्या भाषेतही हीच जोडी भेटली, जहाँ–वहाँ. चारठाण्यातला मुलगा इंग्रजीच्या तासाला बसतो तेव्हा त्याच्या घरची, गावातली, देवळातल्या पोथीची, अशी प्रत्येक भाषा त्याला जोडीने बोलायला शिकवून बसलेली असते.

मग तो लिहितो: ‘व्हेअर द बस स्टॉप्स, देअर वुई गॉट ऑफ.’ इंग्रजी वाचकाला यातला ‘देअर’ खटकतो. साधं वाक्य आहे: ‘वुई गॉट ऑफ व्हेअर द बस स्टॉप्स.’ इंग्रजीला इथे एकच शब्द पुरतो.

इथपर्यंतचं बहुतेक चांगले शिक्षक सांगतात. पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही आणि मला तीच महत्त्वाची वाटते. मराठीसुद्धा बोलताना जोडी पुरी ठेवत नाही. वर चारठाण्यातल्या माणसाने ‘जिथे एसटी थांबते तिथे’ असं म्हटलेलं नाही. तो म्हणाला, ‘एसटी थांबते तिथे.’ आपण म्हणतो: जागा मिळेल तिथे बसा. दिसेल तिथे पकडा. वाट फुटेल तिकडे पळाले. नजर जाईल तिथवर शेतं. यांत जिथे, जिकडे, जिथवर हे शब्द नाहीत आणि कुणाला त्यांची उणीव भासत नाही. पण तिथे, तिकडे, तिथवर काढून बघा. ‘जागा मिळेल बसा’ याला अर्थ उरत नाही. मराठी जोडीतला पहिला शब्द सोडते आणि दुसरा धरून ठेवते.

इंग्रजी नेमकं उलट करते. ती दुसरा सोडते आणि पहिला धरते. ‘सिट व्हेअरेव्हर यू फाइंड अ सीट.’ यात तिथे नाही, पण व्हेअरेव्हर काढता येत नाही.

हे ध्यानात आलं की भाषांतराची पद्धत बदलते. ‘बारव आहे तिथे’ याचं इंग्रजी करताना मुलगा शेवटच्या ‘तिथे’चा ‘देअर’ करतो, कारण मराठी वाक्यात डोळ्यांना दिसणारा शब्द तोच असतो. त्याने करायला हवं ते असं: तिथे दिसताच मनात न उच्चारलेला जिथे जागा करायचा, त्याचा व्हेअर करायचा आणि तिथे तिथल्या तिथे सोडून द्यायचा. ‘द बॉईज वेअर प्लेइंग व्हेअर द स्टेपवेल इज.’ मराठीत खूण गौण वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत आरंभी.

इंग्रजीत असा एकाकी व्हेअर कसा आला, याचा इतिहास मराठी वाचकाला खास ओळखीचा वाटेल. दोन्ही भाषा एकाच दूरच्या पूर्वज भाषेपासून निघाल्या आहेत. त्या भाषेतला त आपल्याकडे त राहिला आणि जर्मन घराण्यात त्याचा थ झाला. याकोब ग्रिम याने १८२२मध्ये हा नियम मांडला. त्रि आणि थ्री, तृष्णा आणि थर्स्ट. त्याच हिशेबाने ‘तिथे’मधला त आणि ‘देअर’च्या आरंभीचा उच्चार एकाच मुळाचे. प्रश्नाचा क तिकडे आधी ‘ह्व’ आणि पुढे व्ह झाला: कोण आणि हू, काय आणि व्हॉट. म्हणजे कुठे आणि व्हेअर हे लांबचे भाऊ. राहिला ज. संस्कृत यत्र, यदा, यथा, यः यांतला य, मराठीत जिथे, जेव्हा, जसा, जो यांतला ज. ही संबंधाची मालिका इंग्रजीकडे उरलीच नाही.

त्यामुळे इंग्रजीला तिची कामं इतरांकडून करून घ्यावी लागली. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘थेर’ हा शब्द दोन्ही वाक्यांच्या आरंभी येऊन जिथे आणि तिथे अशी दोन्ही कामं करत असे. जोडी त्या भाषेलाही परकी नव्हती. पुढे हळूहळू संबंधाचं काम प्रश्नाच्या शब्दाकडे गेलं आणि व्हेअर कुठेही झाला, जिथेही झाला. तिथेचा उच्चार करायची गरज उरली नाही. जुन्या धर्मग्रंथांच्या इंग्रजीत आणि काही म्हणींत व्हेअर–देअर अशी पुरी जोडी अजून भेटते आणि भारदस्त वाटते. रोजच्या लिहिण्याबोलण्यात ती नको.

आधुनिक व्याकरणकारांनी या एकट्या व्हेअरकडे निरखून पाहिलं आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५च्या मोठ्या व्याकरणात ही क्रियाविशेषणवाक्यंच आहेत. हडल्स्टन आणि पुलम यांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणाने मात्र यातल्या बऱ्याच वाक्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं: त्यांच्या मते अशा व्हेअरमध्ये ‘ती जागा’ आणि ‘जिथे’ हे दोन्ही एकत्र विरघळलेले असतात. मराठी माणसाला हे मत पटकन कळतं. दोन शब्दांचं काम एका शब्दात मुरलेलं आहे हे त्याला दिसतंच, कारण ते दोन शब्द त्याच्याकडे अजून वेगवेगळे आहेत.

मराठीतले नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य हे वर्ग आपण इंग्रजी व्याकरणाच्या सहवासात घडवले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६चं, मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११चं. या काळात मराठीचं वर्णन करताना संस्कृताचा आणि इंग्रजीचा, असे दोन साचे अभ्यासकांच्या समोर होते. आपण शाळेत वाक्यपृथक्करण शिकतो त्यावर इंग्रजीचा ठसा स्पष्ट आहे. यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. पण ज्या पद्धतीने इंग्रजीच्या नजरेतून मराठी तपासली गेली, तशी मराठीच्या नजरेतून इंग्रजीही तपासता येते, आणि शिकणाऱ्याला त्याचाच फायदा जास्त होतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुढे आहे.

व्हेअरने सुरू होणारं प्रत्येक वाक्य क्रियाविशेषण नसतं. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. ही तीन वाक्यं बघा.

‘टेल मी व्हेअर द पिलर स्टँड्स.’
‘द कोर्टयार्ड व्हेअर द पिलर स्टँड्स इज क्लीन.’
‘द चिल्ड्रन प्ले व्हेअर द पिलर स्टँड्स.’

तिन्हींत ‘व्हेअर द पिलर स्टँड्स’ अक्षरशः तेच आहे. इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं सांगतात की ते वाक्यात काय काम करतं हे पाहा. बरोबर आहे, पण दहावीच्या मुलाला तेच तर दिसत नसतं. त्याला म्हणावं, मराठी कर. पहिलं: खांब कुठे उभा आहे ते सांग. दुसरं: ज्या अंगणात खांब उभा आहे ते स्वच्छ आहे. तिसरं: खांब उभा आहे तिथे मुलं खेळतात. पहिल्यात ‘कुठे … ते’ आलं, म्हणून ते नामवाक्य. सांगायची गोष्ट तीच आहे. दुसऱ्यात ‘ज्या … ते’ आलं, म्हणून विशेषणवाक्य. ते अंगणाला चिकटलेलं आहे. तिसऱ्यात ‘तिथे’ आलं, म्हणून क्रियाविशेषणवाक्य. इंग्रजीने एका शब्दात झाकलेला भेद मराठी तीन वेगवेगळ्या शब्दांनी उघडा करते. रटलेल्या व्याख्यांपेक्षा ही कसोटी मला कितीतरी भरवशाची वाटते, कारण ती मुलाच्या स्वतःच्या कानावर चालते.

हा भेद कळला नाही तर नुसतं पृथक्करण चुकत नाही, अर्थही बिघडतो. आपल्या वाटाड्याचं वाक्य घ्या: ‘बारव आहे तिथं कुणालाही विचारा.’ वरच्या पद्धतीने सरळ इंग्रजी केलं तर होईल: ‘आस्क एनिवन व्हेअर द स्टेपवेल इज.’ व्याकरणात एकही चूक नाही. पण इंग्रजी वाचक याचा अर्थ घेईल, ‘बारव कुठे आहे ते कुणालाही विचारा.’ मूळ सांगणं होतं की बारवेपाशी पोहोचा आणि मग पुढचं विचारा. ‘आस्क’ या क्रियापदाला प्रश्नाची अपेक्षा असते, म्हणून पाठोपाठ आलेला व्हेअर लगेच नामवाक्य होऊन बसतो. टेल, नो, सी, शो, रिमेंबर या क्रियापदांचंही असंच आहे. अशा वेळी रचनाच बदलावी: ‘गो टु द स्टेपवेल अँड आस्क एनिवन देअर.’ इथे मात्र देअर हवाच, कारण दोन स्वतंत्र वाक्यं ‘अँड’ने जोडली आहेत, एक दुसऱ्याच्या पोटात नाही.

नामवाक्यात आणखी एक चूक फार दिसते: ‘टेल मी व्हेअर इज द पिलर.’ प्रश्न सरळ विचारला तरच ‘इज’ आधी येतो. वाक्य पोटात गेलं की कर्ता आधी, क्रियापद नंतर. क्रियाविशेषणवाक्यातही हाच क्रम.

आता व्हेअरेव्हर. व्हेअर ठरावीक जागा सांगतो, व्हेअरेव्हर न ठरलेली. भारतीय तर्कशास्त्राने हा भेद फार पूर्वी नेमका पकडला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून आजच्या पाठशाळांपर्यंत अनुमानाचं ठरलेलं उदाहरण एकच आहे: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. जिथे शब्दाची ही दुहेरी आवृत्ती एका जागेबद्दल बोलत नाही, ती धूर असलेल्या सगळ्या जागांना कवेत घेते. डोंगरावर धूर दिसला की तिथेही आग असणार हे यावरूनच ठरतं. इंग्रजीत हेच ‘व्हेअरेव्हर देअर इज स्मोक, देअर इज फायर’ असं होईल.

(या वाक्यातला दुसरा ‘देअर’ पाहून कुणी म्हणेल, हा बघा तिथे आलाच की. तो तिथे नव्हे. ‘देअर इज’ मधला देअर जागा दाखवत नाही. काहीतरी अस्तित्वात आहे एवढंच सांगायला तो कर्त्याच्या जागी उभा असतो. म्हणूनच ‘देअर इज अ टेंपल देअर’ असं वाक्य होऊ शकतं: तिथे एक देऊळ आहे. पहिला रिकामा, दुसरा जागेचा. चारठाण्याचं वर्णन करताना हे फार उपयोगी पडतं: ‘व्हेअर अ टेंपल वन्स स्टूड, देअर आर नाऊ हाउसेस.’ पूर्वी देऊळ होतं तिथे आता घरं आहेत.)

पण व्हेअरेव्हरच्या पोटात दोन अर्थ आहेत आणि मराठी कान ते वेगळे ऐकू शकतो. ‘ती जाईल तिथे तिथे तिला कोरीव दगड दिसतो’ यात सगळ्या जागा आल्या. ‘जागा मिळेल तिथे बसा’ यात कुठलीही एक जागा चालेल. इथे ‘तिथे तिथे बसा’ असं एका माणसाला कुणी म्हणणार नाही. इंग्रजीत दोन्हीकडे व्हेअरेव्हर चालतो. नेमकं बोलायचं असेल तर पहिल्या ठिकाणी ‘एव्हरीव्हेअर शी गोज, शी सीज अ कार्व्ड स्टोन’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सिट एनिव्हेअर यू लाइक’. अदलाबदल करून चालत नाही: ‘सिट एव्हरीव्हेअर’ म्हणजे सगळीकडे बसा. तेव्हा वाक्यात मराठी द्विरुक्ती बसते का ते बघावं. बसली तर एव्हरीव्हेअर, नाही तर एनिव्हेअर. तिसरी एक छटा आहे. ‘कुठेही गेलात तरी माणसं पाणी देतील.’ इथे मराठी जिथे–तिथे सोडून ‘कुठेही … तरी’कडे वळते, इंग्रजी मात्र व्हेअरेव्हरवरच थांबते: ‘व्हेअरेव्हर यू गो, पीपल विल गिव्ह यू वॉटर.’

या शेवटच्या वाक्यातला काळ पाहा. ‘यू गो’, साधा वर्तमान. आपण मराठीत बेधडक भविष्यकाळ वापरतो: पाणी मिळेल तिथे थांबू, तू म्हणशील तिथे भेटू, रस्ता संपेल तिथे गाडी लावा. मुलं मग लिहितात, ‘वुई विल स्टॉप व्हेअर वुई विल गेट वॉटर.’ इंग्रजीची रीत अशी की मुख्य वाक्याने भविष्य एकदा सांगितलं की पोटातल्या वाक्याने ते पुन्हा सांगू नये. ‘वुई विल स्टॉप व्हेअर वुई गेट वॉटर.’ ‘वुई विल मीट व्हेअरेव्हर यू से.’ ‘पार्क व्हेअर द रोड एंड्स.’ रस्ता संपेल हा आपला भविष्यकाळ खरं तर भविष्याबद्दल नाहीच; रस्ता आजही तिथेच संपतो, फक्त आपल्याला अजून ती जागा ठाऊक नाही. मराठीतलं ‘-एल, -ईल’ अशा वेळी ठाऊक नसणं दाखवतं. याउलट, ‘कुणाला सापडणार नाही तिथे ठेवते’ यात ‘-णार’ आहे, खरं भाकीत आहे, आणि इंग्रजीतही तिथे विल येतो: ‘आय विल कीप इट व्हेअर नोबडी विल फाइंड इट.’ मराठी क्रियापदाच्या शेवटाकडे लक्ष दिलं तर बहुतेक वेळा इंग्रजी काळ आपोआप कळतो.

मराठीची या बाबतीतली श्रीमंती प्रत्ययांत आहे. जिथे, जिकडे, जिथून, जिथवर, जिथला, आणि प्रत्येकाला जोडीचा तिथे, तिकडे, तिथून, तिथवर, तिथला. इंग्रजीकडेही एके काळी असा संच होता. व्हेअर म्हणजे जिथे, व्हिदर म्हणजे जिकडे, व्हेन्स म्हणजे जिथून. त्यांच्या जोडीला देअर, दिदर, देन्स. आज व्हिदर आणि व्हेन्स जुन्या पुस्तकांत भेटतात, बाजारात नाही. त्यांचं काम व्हेअर आणि सोबतीची छोटी अव्ययं करतात. म्हणून ‘आलास तिथे परत जा’ याचं इंग्रजी ‘गो बॅक टु व्हेअर यू केम फ्रॉम’ असं होतं. मराठीतला ‘तिथे’ आधीच्या ‘टु’मध्ये गेला आणि न उच्चारलेला ‘जिथून’ शेवटच्या ‘फ्रॉम’मध्ये. वाक्याच्या शेवटी फ्रॉम लटकलेला पाहून आपल्याकडे अनेकांना अवघड वाटतं आणि ते तो खोडतात. तो खोडला की वाक्याचा अर्थच हलतो. फ्रॉम राहू द्यावा.

याच प्रत्ययांनी घडलेलं एक वाक्य प्रत्येक मराठी घरात रोज ऐकू येतं: ‘जिथल्या वस्तू तिथे ठेव.’ शब्दाला शब्द लावून याचं इंग्रजी होणार नाही, कारण जिथला या विशेषणाला तिकडे जोड नाही. इंग्रज आई म्हणते, ‘पुट थिंग्ज बॅक व्हेअर दे बिलॉन्ग.’ जिथल्या या शब्दातला ‘ला, ली, ले’ हा मालकीचा प्रत्यय तिकडे ‘बिलॉन्ग’ या क्रियापदात जाऊन बसला. मला हे वाक्य वर्गात शिकवायला सगळ्यात योग्य वाटतं. त्यात स्थलवाक्य आहे, ते शेवटी आलेलं आहे, त्यात देअर नाही आणि मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

स्थलवाक्य आधी की नंतर, याबद्दल थोडक्यात. मराठीत ते जवळजवळ नेहमी आधी येतं. इंग्रजीत सहसा नंतर येतं आणि मग स्वल्पविराम लागत नाही. आधी आणलं तर स्वल्पविराम द्यावा. इंग्रजी लेखक ते मुद्दाम आधी आणतो तेव्हा बहुधा त्याला विरोध दाखवायचा असतो किंवा सर्वसाधारण नियम सांगायचा असतो. ‘व्हेअर द पूर्णा वन्स रॅन फ्री, द येलदरी डॅम नाऊ स्टँड्स’ या वाक्यात नदीचं कालचं रूप आणि आजचं धरण समोरासमोर येतात. तेच ‘द येलदरी डॅम स्टँड्स व्हेअर द पूर्णा वन्स रॅन फ्री’ असं लिहिलं तर माहिती तीच, पण भर धरणावर.

महाराष्ट्रात २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्यानंतरच्या पिढीला इंग्रजीची दहा वर्षं शाळेत मिळतात. पण तिला ती भाषा खरोखर लागते तेव्हा समोर गोष्टीचं पुस्तक नसतं, सरकारी कागद असतो. आणि त्या कागदावर व्हेअर पुन्हा वेगळ्या वेषात येतो. अर्जावर ‘व्हेअर ॲप्लिकेबल’ छापलेलं असतं. यात कर्ता आणि क्रियापद गाळलेले आहेत. मराठीत त्याचं ‘लागू असेल तेथे’ होतं, आणि बघा, इथेही इंग्रजीने पहिला शब्द ठेवला, मराठीने दुसरा. ‘व्हेअर नेसेसरी’ म्हणजे गरज असेल तेथे, ‘व्हेअरेव्हर पॉसिबल’ म्हणजे शक्य असेल तेथे.

कायद्यातला व्हेअर याहून पुढे जातो. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३) इंग्रजीत व्हेअरनेच सुरू होतं, पण त्यात कुठल्याही जागेची गोष्ट नाही. मागितलेली माहिती दुसऱ्याच सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल तर काय करायचं, ते त्यात सांगितलं आहे. तिथला व्हेअर म्हणजे ‘अशा प्रकरणी’, जवळजवळ ‘जर’. कायद्याच्या मराठीत याचं भाषांतर ‘जेथे’ असं केलं जातं आणि वाचणारा ठिकाण शोधत बसतो. इंग्रजी कायदा वाचताना कलमाच्या आरंभी व्हेअर आला आणि पुढे जागा दिसली नाही, तर मनात ‘जर’ धरून वाचावं. मग त्या कलमाचा अर्थ सरळ लागतो: अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेला असेल तर त्या कार्यालयाने तो योग्य प्राधिकरणाकडे पाठवायचा, उशिरात उशिरा पाच दिवसांत, आणि तसं अर्जदाराला लगेच कळवायचं.